गावाच्या जमाखर्चात माती, पाणी आणि जंगल लिहिणारा ऑडिटर : जे. सी. कुमारप्पा

पांढुर्णा / सौंसर : संत्र्याचा ट्रक भरून गेला की कास्तकार रात्री घरी बसून हिशेब मांडतो. खत, फवारणी, मजुरी, वीज, वाहतूक, अडत हे सगळं वजा करून हातात काय उरलं ते कागदावर येतं. यंदा विहिरीचं पाणी किती हात खाली गेलं, धुऱ्यावरची किती झाडं तुटली, वावरातल्या मातीचा कस किती उतरला, याची ओळ मात्र त्या कागदावर नसते. दुकानदाराच्या वहीत नसते, बँकेच्या कर्जाच्या अर्जातही नसते.

ती ओळ लिहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही, असं ८० वर्षांपूर्वी ठासून सांगणारा एक माणूस आपल्याच जुन्या प्रांतात राहून गेला. तो लंडनमध्ये शिकलेला, मुंबईत प्रॅक्टिस केलेला पक्का ऑडिटर होता. तंजावरचा तमिळ ख्रिश्चन. त्याच्या आयुष्याची मोठी आणि महत्त्वाची वर्षं वर्ध्यात गेली. त्याचं सर्वात गाजलेलं पुस्तक जबलपूरच्या तुरुंगात लिहिलं गेलं. नाव जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा. लोक त्यांना जे. सी. कुमारप्पा म्हणून ओळखतात.

आज वर्धा महाराष्ट्रात आहे, जबलपूर मध्य प्रदेशात, आणि पांढुर्णा-सौंसर या दोघांच्या मधल्या सीमेवर. कुमारप्पांच्या काळात मात्र हे सगळं एकाच सरकारखाली होतं. प्रांताचं नाव मध्य प्रांत व वऱ्हाड, राजधानी नागपूर. त्यामुळे त्यांनी त्या प्रांताच्या खेड्यांबद्दल जे मांडलं, ते तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या या मराठी टापूलाही तितकंच लागू होतं.

कॉर्नेलियसचा कुमारप्पा झाला

४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला त्यांचा जन्म झाला. तेव्हाचं नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. वडील मद्रास सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात होते. घरात शिस्त कडक, इंग्रजी राहणी, आणि आईचे धर्माचे संस्कार. मुलांनी चांगलं शिकावं, नीट कमवावं आणि त्यातला वाटा गरिबाला द्यावा, असं त्या घरातलं वळण.

जोसेफ लंडनला जाऊन हिशेबतपासणी शिकले. पहिल्या महायुद्धाची वर्षं तिकडेच गेली. १९१९ मध्ये परत आल्यावर मुंबईत ऑडिटचा व्यवसाय सुरू केला. सूट-बूट, टाय, वेळेला घड्याळासारखे पक्के. व्यापाऱ्यांच्या आणि कंपन्यांच्या वह्या तपासणं हा रोजचा धंदा. आजच्या भाषेत चांगला चालणारा सीए.

१९२७ मध्ये ते अमेरिकेला गेले. सिरॅक्यूज विद्यापीठात व्यवसाय व्यवस्थापन शिकले आणि पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त हा विषय घेतला. तिथं एका चर्चमध्ये त्यांनी भारत गरीब का, या विषयावर व्याख्यान दिलं. त्याची बातमी वर्तमानपत्रात आली. ती वाचून त्यांचे प्राध्यापक सेलिगमन यांनी याच विषयावर प्रबंध लिहायला सांगितलं.

प्रबंधासाठी सरकारी आकडे चाळताना कॉर्नेलियस साहेबांना सरकारच्या वहीतली गोम सापडली. कंपनीच्या वहीत गफलत पकडणारी नजर आता सरकारच्या वहीवर पडली होती. रयतेकडून कर गोळा होतो, पण त्यातला फार मोठा हिस्सा लष्करावर, कर्जाच्या व्याजावर आणि साहेबांच्या पगार-पेन्शनवर जातो. ज्याच्या वावरातून पैसा निघाला, त्याच्या विहिरीला, रस्त्याला, शाळेला फार थोडा परत येतो. मातीतून नुसतं काढायचं आणि परत काही घालायचं नाही, तर माती मरणारच. तीच गोष्ट देशाची, असा त्यांचा निष्कर्ष होता. याच सुमारास घराण्याने कॉर्नेलियस सोडून कुमारप्पा हे जुनं नाव पुन्हा लावलं.

झाडाखाली सूत कातणारा म्हातारा

प्रबंध छापायचा होता. गांधीजींनी तो पाहावा म्हणून ९ मे १९२९ रोजी कुमारप्पा साबरमतीला गेले. वेळेच्या आधी पोहोचले. एका झाडाखाली, शेणाने सारवलेल्या जागेवर एक म्हातारा सूत कातत बसला होता. कुमारप्पा काठीवर रेलून ते पाहत उभे राहिले. भेटीची वेळ झाली तेव्हा म्हाताऱ्यानेच विचारलं की कुमारप्पा म्हणतात ते आपणच का. तेव्हा त्यांना उमगलं की गांधीजी हेच. मग इस्त्रीच्या पँटीची पर्वा न करता ते तिथंच जमिनीवर बसले.

गांधीजींनी प्रबंध यंग इंडियात क्रमाने छापायचं कबूल केलं, पण सोबत एक कामही गळ्यात घातलं. गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करायची. मदतीला गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी. विद्यापीठाची जबाबदारी तेव्हा काकासाहेब कालेलकरांकडे होती. ना गुजराती भाषा येते, ना खेड्याची ओळख, असा हा साहेब कसा काय पाहणी करणार, अशी शंका कालेलकरांना आली. कुमारप्पा सरळ मुंबईला निघून गेले. गांधीजींनी त्यांना परत बोलावून घेतलं.

मातरच्या ५४ गावांत ते घरोघर फिरले. कुणाकडे किती जमीन, किती ढोरं, किती कर्ज, ताटात काय आणि अंगावर काय, असं सगळं टिपून घेतलं. त्या काळी सरकार जमीन महसूल ठरवायचं ते पीक किती झालं याचा अंदाज धरून. कुमारप्पांनी कुटुंबाचा खर्च आणि कर्ज पुढे ठेवलं. पीक दिसतं पण घरात उरत काही नाही, हे आकड्यांनिशी दाखवलं. मुंबईचा ऑडिटर पुन्हा आपल्या फर्मकडे वळला नाही. खादी अंगावर आली ती कायमची. मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांनी यंग इंडियाचं काम सांभाळलं आणि त्यासाठी तुरुंगही पाहिला.

हिशेबाच्या बाबतीत ते किती कडक होते, याच्या गोष्टी अजून सांगतात. जानेवारी १९३४ मध्ये बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. मदतनिधीचा हिशेब ठेवायला राजेंद्रप्रसादांच्या हाताखाली कुमारप्पांना पाठवलं. कार्यकर्त्यांच्या जेवणाचा रोजचा खर्चही त्यांनी काही आण्यांत बांधून टाकला. खुद्द गांधीजींचा लवाजमा आला, तेव्हा त्यांचा प्रवासखर्च भूकंपग्रस्तांच्या पैशातून निघणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं, अशी आठवण सांगितली जाते. लोकांचा पैसा म्हणजे लोकांचाच, मग समोर कोणी का असेना.

मगनवाडी : वर्ध्याची प्रयोगशाळा

त्याच वर्षी, १४ डिसेंबर १९३४ रोजी, वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि बंगला दिला. गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. अध्यक्ष वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू, आणि संघटक व सचिव कुमारप्पा. पांढुर्ण्याहून रेल्वेने नागपूर ओलांडलं की पुढे वर्धा. तिथं पुढची बरीच वर्षं हा तमिळ माणूस आपल्या भागातल्या तेली, कुंभार, चांभार, कास्तकारांत राहिला.

मगनवाडीत काय चालायचं? तेलघाणी, जांतं, उखळ-मुसळ, गूळ, हातकागद, साबण, मधमाश्या आणि सोनखत. वरवर पाहिलं तर जुनंच. पण प्रत्येक गोष्टीमागे एक हिशेब होता.

तांदळाचं उदाहरण घ्या. गिरणीत तांदूळ पॉलिश केला की पांढराशुभ्र दिसतो, टिकतो, भाव मिळतो. पण कोंड्याबरोबर सत्त्वही निघून जातं. नुसत्या पॉलिश तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी होतो हे तेव्हा विज्ञानानेही दाखवून दिलं होतं. म्हणजे शेतकऱ्याने पिकवलेलं अन्न गिरणीने कमी केलं, उखळावर चार पैसे मिळवणाऱ्या बाईचं काम गेलं आणि खाणाराही आजारी पडला. फायद्याची नोंद मात्र गिरणीच्या वहीत झाली. कुमारप्पांच्या मते हा नफा नव्हताच. तोटा दुसऱ्याच्या नावावर टाकला होता, एवढंच.

तेलाचंही तसंच. गावची तीळ, जवस, भुईमूग गावच्या घाणीवर पेरली तर तेल घरात, ढेप गोठ्यात, आणि शेण पुन्हा वावरात. बी शहरात गेलं तर तेल विकत घ्यायचं आणि ढेपही विकत घ्यायची. मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी घाणीत सुधारणा केल्या. बैलावर ताण कमी आणि तेल जास्त, असा त्यांचा उद्देश. ती वर्धा घाणी म्हणून ओळखली गेली. बिनधुराची मगन चूलही याच कामातली.

दिव्याचा प्रयोग तर आज वाचताना जास्त पटतो. रॉकेल बाहेरून येतं, त्याचा साठा मर्यादित आणि त्यावर ताबा परक्या कंपन्यांचा. म्हणून गावच्या तेलावर जळणारा मगनदीप तयार केला. जे जमिनीतून एकदाच निघतं त्यावर घर चालवू नये, जे दर हंगामाला नव्याने उगवतं त्यावर चालवावं, हा त्यामागचा नियम.

साखरेबद्दल त्यांची मांडणी आणखी धारदार होती. ऊस चांगली जमीन खातो आणि भरपूर पाणी पितो. शिंदी आणि ताड मात्र नाल्याकाठी, पडीत जागेवर, धुऱ्यावर, पाणी न देता वाढतात. त्यांच्या नीरेपासूनही गूळ होतो. मग गोडासाठी धान्याची जमीन कशाला अडवायची? चांगल्या जमिनीवर धान्य आणि पडीत जमिनीवर गोड, अशी ती वाटणी. आपल्याकडच्या नाल्यांच्या काठानेही शिंदी उभी असते. तिची ओळख दारूपुरतीच का राहावी, हा त्यांचा प्रश्न होता.

३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं. ते आजही वर्ध्यात आहे.

६०६ गावांची पाहणी

१९३७ नंतर प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने उद्योगांच्या पाहणीसाठी समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद कुमारप्पांना दिलं. ६०६ गावांची पाहणी झाली. १९३९ मध्ये सर्वसाधारण शिफारशींचा खंड निघाला. उद्योग पाहणी म्हटलं की कारखाने, गिरण्या, खाणी असंच कुणालाही वाटेल. या समितीने सुरुवात खेड्यापासून केली. गावात कोणता कच्चा माल आहे, तो कुठं जातो, कोण त्यावर जगतं आणि कोण उपाशी राहतं, हे आधी पाहिलं.

जंगलाबद्दल कुमारप्पांची भूमिका पक्की होती आणि त्यांनी ती वेळोवेळी मांडली. सरकार जंगलाकडे महसुलाच्या नजरेने बघतं, लाकूड किती विकलं आणि तिजोरीत किती आलं एवढंच मोजतं. त्यांच्या मते जंगलाचं पहिलं काम पाणी धरून ठेवणं आणि माती वाहू न देणं. दुसरं काम आसपासच्या माणसांच्या गरजा भागवणं, म्हणजे बंडीला लाकूड, कुंभाराला जळण, ढोरांना चारा, मधाला फुलं. विक्री त्यानंतर. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. डोंगर उघडा पडला की जाम आणि कन्हानच्या पाण्याचं काय होतं, हे इथला माणूस डोळ्याने पाहतो.

त्याच काळात काँग्रेसने राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. कुमारप्पाही तिच्यात होते, पण काही महिन्यांतच बाहेर पडले. समितीचा भर मोठ्या उद्योगांवर होता आणि त्यांचा खेड्यावर. दोघांनाही देशाची गरिबी घालवायची होती, पण वाटा जुळल्या नाहीत.

जबलपूरच्या तुरुंगातलं पुस्तक

१९४२ च्या चले जाव आंदोलनात कुमारप्पांना पुन्हा अटक झाली. जबलपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक येशूच्या शिकवणुकीवर आणि दुसरं इकॉनॉमी ऑफ परमनन्स, म्हणजे टिकून राहणाऱ्या व्यवस्थेचं अर्थशास्त्र. हे दुसरं पुस्तक १९४५ मध्ये आलं. गांधीजींनी प्रस्तावना लिहिली आणि कौतुकाने त्यांना ग्रामोद्योगाचे डॉक्टर ठरवून टाकलं.

पुस्तकाचा गाभा सोपा आहे. कोळसा, पेट्रोल, खनिजं हा टाकीत साठवलेला माल. वापरला की संपला. वाहती नदी आणि वाढतं जंगल हा चालू प्रवाह. जितकं येतं तितकंच घेतलं तर कधी संपत नाही. टाकीवर जगणारा समाज आज श्रीमंत दिसतो, पण टाकी रिकामी होऊ लागली की शेजाऱ्याच्या टाकीवर डोळा ठेवतो आणि तिथून लढाया सुरू होतात. दुसरं महायुद्ध चालू असताना एका कैद्याने हे लिहिलं होतं.

वाणिज्य शिकलेल्याला हा मुद्दा चटकन कळतो. मुद्दल आणि व्याज यांतला फरक पहिल्याच वर्षी शिकवतात. ठेव मोडून घर चालवणारा माणूस दोन वर्षं थाटात राहतो, पण त्याला कमावता कोणी म्हणत नाही. माती, भूजल, जंगल हे मुद्दल. ते विकून आलेल्या पैशाला देश उत्पन्न म्हणून मोजतो, इथं त्यांचा आक्षेप होता. यंत्राचा घसारा वहीत धरतात, मग मातीचा का नाही?

जगण्याच्या पद्धती समजावताना त्यांनी निसर्गातलीच उदाहरणं घेतली. वाघ दुसऱ्याचा जीव घेऊन जगतो. माकड आमराईत शिरून आयती फळं खातं, झाड लावण्यात त्याचा हात नसतो. मधमाशी एकटीसाठी मध साठवत नाही, पोळ्यासाठी राबते, आणि फुलातून घेताना फळ धरायलाही मदत करते. आई पिलाला भरवते आणि बदल्यात काही मागत नाही. माणसाने वाघ-माकडाच्या पायरीवरून मधमाशीच्या आणि आईच्या पायरीकडे जावं, हीच त्यांच्या लेखी प्रगती. आंबिया बहाराच्या वेळी संत्र्याच्या बागेत मधमाश्यांचा घोंगाट ऐकलेल्या कास्तकाराला या उदाहरणासाठी पुस्तक उघडायची गरज नाही.

आधी ताट, मग बाजार

अन्नाबद्दलची त्यांची योजना हा त्यांच्या विचारातला सर्वात धाडसी आणि सर्वात वादाचा भाग. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली होती. अन्नाचा प्रश्न देशापुढे आ वासून उभा होता. कुमारप्पांनी सुरुवात ताटापासून केली. माणसाला रोज धान्य किती, डाळ किती, भाजी, फळं, गूळ, तेल, दूध किती, शिवाय कपड्यासाठी कापूस किती, हे आधी ठरवायचं. मग साधारण एक लाख लोकवस्तीचा टापू धरून त्याला कोणत्या पिकाखाली किती जमीन लागेल याची वाटणी करायची. त्या टापूने आपलं अन्न आपणच पिकवायचं आणि जास्तीचं तेवढं बाहेर पाठवायचं.

इथपर्यंत कुणाची हरकत नसते. पुढचं पाऊल अवघड होतं. कोणत्या जमिनीवर कोणतं पीक घ्यायचं याचा परवाना असावा, आणि गिरण्या-कारखान्यांसाठी पिकवल्या जाणाऱ्या नगदी पिकांवर जास्त आकार लावावा, असं त्यांचं मत होतं. गिरणीला लांब धाग्याचा कापूस लागतो, चरख्याला आखूड धाग्याचाही चालतो. साखर कारखान्याला जाड सालीचा ऊस लागतो, गुळाला पातळ सालीचा चालतो. शेतात काय उगवावं हे पोट ठरवत नाही, कारखाना ठरवतो, ही त्यांची तक्रार. तंबाखूसारखं पीक तर जमीनही अडवतं आणि पोटातही जात नाही.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर यावर मोठा सवाल उभा राहतो. नगदी पीक कोणी हौसेने घेत नाही. मुलीचं लग्न, पोराची फी, दवाखाना, कर्जाचा हप्ता, या सगळ्याला रोकड लागते. ज्वारी विकून ती येत नाही, म्हणून ज्वारी मागे पडली आणि कापूस, संत्रा पुढे आला. अशा वेळी सरकारने परवाना हातात देऊन पीक ठरवावं, हे कोणत्याही कास्तकाराला रुचणार नाही. परवान्याच्या कागदाभोवती काय-काय उभं राहतं, हे देशाने पुढे पाहिलंच. कुमारप्पांच्या योजनेतली ही जागा कच्ची होती, असं त्यांचा आदर करणाऱ्यांनाही वाटतं.

पण त्यांची दुसरी बाजूही नीट वाचली पाहिजे. सगळा बोजा एकट्या शेतकऱ्यावर टाकावा असं ते कधी म्हणाले नाहीत. स्वस्त आणि चमकदार माल घेणारा ग्राहकही तितकाच जबाबदार, असं ते मानत. आपण घेतो ती वस्तू कुठून आली, कोणाच्या श्रमातून आली, कोणत्या जमिनीचा कस मारून आली, हे विचारणं त्यांच्या लेखी खरेदी करणाऱ्याचं कर्तव्य होतं. चोरीचा माल घेणारा जसा चोरीत भागीदार, तसाच हा ग्राहक. शहरातल्या माणसाला हे पटवणं खेड्यातल्यापेक्षा कठीण गेलं.

स्वातंत्र्यानंतर एकटे

स्वातंत्र्य मिळाल्यावर काँग्रेसने जमीन सुधारणेसाठी समिती नेमली, अध्यक्ष कुमारप्पा. १९४९ च्या अहवालात मध्यस्थ हटवावेत, कसणाऱ्याच्या हाती जमीन यावी, आणि एका कुटुंबाकडे किती जमीन असावी याला वरची मर्यादा असावी, अशा शिफारशी होत्या. जमीनदारी पुढे कायद्याने गेली, पण बाकीचं बरंचसं कागदावरच राहिलं.

सरकारची दिशा मोठी धरणं, मोठे कारखाने, ट्रॅक्टर आणि रासायनिक खत अशी ठरली होती. कुमारप्पा जाहीरपणे विरोधात बोलत राहिले. ट्रॅक्टर शेण देत नाही आणि त्याला लागणारं तेल वावरात पिकत नाही, हा त्यांचा साधा हिशेब. रासायनिक खताने एकदम जोम येतो, पण जमिनीला त्याची सवय लागते, असं त्यांचं मत होतं. जुने सहकारी मंत्री झाले होते, त्यांना हे बोलणं अवघड वाटू लागलं. १९५१-५२ मध्ये ते चीन, जपान आणि सोव्हिएत रशिया पाहून आले. चीनमधल्या जमीन वाटपाबद्दल चांगलं बोलले म्हणून काहींनी त्यांना लाल ठरवलं. उद्योगपतींच्या नजरेत ते मागास, गांधीवाद्यांच्या नजरेत कम्युनिस्ट आणि कम्युनिस्टांच्या नजरेत गांधीवादी.

याच काळात वर्धा जिल्ह्यातल्या सेलडोह इथं त्यांनी पन्नई आश्रम उभा केला. पन्नई म्हणजे तमिळमध्ये शेत. पुस्तकात लिहिलेली समतोल शेती मातीत करून पाहायची होती. पण तब्येत साथ देईना, रक्तदाबाचा त्रास वाढत गेला. अखेर ते तमिळनाडूत मदुराईजवळच्या टी. कल्लुपट्टीला, गांधी निकेतन आश्रमात राहायला गेले. लग्न केलं नव्हतं, संपत्ती ठेवली नव्हती. त्यांच्या झोपडीत दोन चित्रं होती, एक गांधीजींचं आणि दुसरं एका गरीब शेतकऱ्याचं. गांधीजी आपले गुरू आणि हा शेतकरी गुरूंचाही गुरू, अशी ओळख ते पाहुण्यांना करून देत.

३० जानेवारी १९६० रोजी मद्रासला त्यांचं निधन झालं. गांधीजींच्या हत्येला त्या दिवशी बरोबर १२ वर्षं झाली होती.

हिशेब अजून बाकी आहे

त्यानंतर थोड्याच वर्षांत हरितक्रांती आली. ज्या देशाला जहाजाने गहू आणावा लागत होता, त्याची कोठारं भरली. नुसत्या शेणखतावर आणि बैलावर हे झालं असतं का, हा प्रश्न कुमारप्पांच्या चाहत्यांनाही टाळता येत नाही. पण पंजाबात भूजल किती खोल गेलं, जमिनीचं काय झालं, हेही आता सगळ्यांना माहीत आहे. कोठार भरल्याची नोंद झाली, पाणी उपसल्याची झाली नाही. हीच ओळ राहून जाईल असं ते सांगत होते. १९७३ मध्ये शूमाखर यांचं स्मॉल इज ब्युटिफुल जगभर गाजलं. त्यात कुमारप्पांचा आधार घेतलेला आहे. ज्याला घरी मागास म्हटलं, त्याचा विचार परदेशातून नवा होऊन परत आला.

आपल्या भागापुरतं बोलायचं तर १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भ तिकडे गेला, छिंदवाडा इकडे राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. सीमा बदलल्या, पण सीमेच्या दोन्ही बाजूंचा संत्रा एकच, कापूस एकच आणि जमिनीखालचं पाणीही एकच. वरूड, मोर्शी, काटोल असो की पांढुर्णा, सौंसर, विहीर आटली की बोअर आणि बोअर आटली की आणखी खोल बोअर, हा रस्ता दोन्हीकडे सारखाच.

संत्र्याशी कुमारप्पांचं भांडण झालं नसतं. त्यांच्या ताटात फळाला जागा होती. त्यांचा प्रश्न प्रमाणाचा असता. किती वावर संत्र्याखाली, किती ज्वारी-तुरीखाली, किती धुरा झाडांसाठी आणि पावसाने यंदा जमिनीत जितकं पाणी घातलं त्यातलं आपण किती काढलं. बहारासाठी झाडाला ताण कधी आणि किती द्यायचा, हे इथल्या प्रत्येक बागायतदाराला ठाऊक असतं. ताण जास्त झाला तर झाडच जातं. जमिनीला आणि पाण्याला किती ताण सोसेल, हे मोजायची सवय मात्र अजून लागलेली नाही.

त्यासाठी परवाना नको आणि सरकारी फर्मानही नको. घरातल्या हिशेबाच्या वहीत एक कोरा रकाना ठेवला तरी सुरुवात होते. बाजारातून काय आलं ते एका बाजूला, आणि वावरातून, विहिरीतून, डोंगरावरून काय गेलं ते दुसऱ्या बाजूला. हा दुसरा रकाना मांडून दोन्ही बाजू जुळतात का, एवढंच कुमारप्पा आयुष्यभर तपासत राहिले.